मिहू माझ्याजवळ चित्र काढत नाही

१२ जाने., सोम.
मिहूच्या बाईंनी दुपारी फाटकातच गाठलं. "ताई, हिची बोटं अजून कमजोर वाटतात. खडू मुठीत धरते. जूनमध्ये पहिलीत जायचं ना?" सकाळच्या बालवाडीत दुसऱ्यांच्या पोरांना खडू धरायला मीच शिकवते. आणि पोटची पोर...
संध्याकाळी ठिपके जोडायचा कागद घेऊन बसले. तिचा हात धरून एक ओळ पुरी केली. रडली.

१५ जाने., गुरु.
शाळेतून आले तर बापलेक गच्चीवर. सचिनची सेकंड शिफ्ट, मिहूची शाळा दुपारची; तो अंबडला कंपनीत निघेपर्यंत ती त्याच्याकडेच. बादलीत पाणी, रंगकामाचा जुना ब्रश, आणि तापलेल्या फरशीवर पोरीचा हत्ती. सोंड काढेपर्यंत शेपूट वाळतं. की खिदळत पुन्हा शेपूट.
"आई, बघ, हत्ती पळाला!"
छान म्हणाले. छान वाटलं नाही.

१८ जाने., रवि.
सचिन म्हणाला, "तूपण ये ना वर." गेले. ब्रश उचलला तशी मिहू म्हणते, "आई नको. आई हात धरते."
सचिन हसला. हसण्यासारखं काय होतं त्यात? चहा टाकते म्हणून खाली आले.
बोटांत बळ यावं म्हणून मणी ओवणं, कणीक मळणं, कागद फाडणं, सगळं मी शिकलेय, वर्गात रोज करून घेते. त्याने काय केलं? बादली भरली.

२३ जाने., शुक्र.
बाई खूश. "घरी काय करता हो? चिमटीत धरायला लागली खडू!"
तिचे बाबा करतात, एवढंच सांगायचं होतं. "सराव घेते," म्हणाले.
घेते म्हणे!

२४ जाने., शनि.
आज सचिनने सुट्टी घेतली होती, मिहूला शाळेतून त्यानेच आणलं. बाईंनी त्याच्यापाशी माझं कौतुक केलं, ताईंनी मेहनत घेतली म्हणून. जेवताना एवढंच बोलला, "पोरीचा हात सुधारला ना? बास."
भांडला असता तर बरं झालं असतं.

१ फेब्रु., रवि.
कंपनीने सचिनला महिनाभर चाकणला पाठवलंय. पहाटेच गेला. मिहू सकाळी शेजारच्या मावशींकडे राहील, संध्याकाळ सगळी माझी.
मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू?

४ फेब्रु., बुध.
बादली भरून दिली, ब्रश दिला. मिहू कठड्याशी जाऊन उभी. "बाबा आल्यावर."
फोनवर त्याला सांगितलं नाही. त्याने विचारलं, "काढते ना चित्रं?" हो म्हणाले. दुसरं खोटं.

८ फेब्रु., रवि.
दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. मिहूने आपणहून जुन्या कॅलेंडरचं पान मागितलं. पालथी पडून काढायला लागली. मी लांबच राहिले, चिमटे लावत. जीभ बाहेर, खडू चिमटीत, हळूहळू मोठ्ठा गोल. दोन्ही टोकं जुळली! पहिल्यांदाच.
"कोण गं हे?"
"बाबा."
असणारच. मग शेजारी आणखी एक गोल सुरू केला.
"आणि ही कोण?"
"थांब ना, आई."
अर्धा झाला आणि खालून मैत्रिणीची हाक आली. खडू टाकून पळाली.
पान उडू नये म्हणून त्यावर चप्पल ठेवलीय. अर्धा गोल तसाच. उरलेली रेघ ओढायला हात शिवशिवत होते. नाही ओढली.
खाली अजून खेळतेय. हाक मारावी की...