कॉलरवरच्या माईकबाबत

प्रति,
मा. तपास अधिकारी,
पोलीस ठाणे.

विषय : माहितीपटाच्या चित्रीकरणातील मारहाणप्रकरणी माझे नाव साक्षीदारांतून काढून आरोपींत घेण्याबाबत.
संदर्भ : माझा दि. ९ रोजीचा जबाब.

महोदय,

१. मी व्यवसायाने ध्वनिमुद्रक आहे. हाती अधिकार आला की साधा माणूस कसा वागतो, हे पाहणाऱ्या एका जुन्या वादग्रस्त प्रयोगावरील माहितीपटासाठी एका गोदामात सहा जणांना कोंडले होते; तिघे पहारेकरी, तिघे कैदी. कैद्यांत माझे भाओजी, म्हणजे ताईचे यजमान, होते. ते शिंपी. "चार दिवस नुसतं बसून खायचंय," असे सांगून त्यांना मीच नेले.

२. तिसऱ्या दिवशी दुपारी भाओजींची अंथरुणाची घडी वाकडी आली, एवढ्यावरून पहारेकऱ्यांनी त्यांना पट्ट्याने गुरासारखे झोडपले. एकाने त्यांचा उजवा हात दाराच्या फटीत धरला, दुसऱ्याने दार आपटले. तिसरा जबड्यावर लाथा घालत होता. दिग्दर्शकांनी चालू द्या अशी खूण केली. एवढे जबाबात आहे.

३. जबाबात नाही ते असे. कॉलरवरचा माईक रक्ताने निसटला म्हणून मी आत गेलो. पहारेकरी निमूट बाजूला झाले. भाओजी पुटपुटले, "अरे, सांग ना यांना, बास म्हणावं." मी माईक पुसून परत लावला आणि म्हणालो, "भाओजी, जरा मोठ्यानं बोला, आवाज येत नाहीये." मग बाहेर येऊन हेडफोन लावले. जबडा मोडल्याचा आवाज फार चढला, तो मी बटण फिरवून उतरवला.

४. आपल्या हवालदारांनी, "आरोपी व्हायला कोणी अर्ज करतं का? डोकं ठिकाणावर आहे ना?" असे विचारून मला दोनदा परत पाठवले. डोके ठिकाणावर आहे. त्या दिवशीही होते.

५. भाओजींच्या जबड्याला तारा बांधल्या आहेत, बोलता येत नाही. "माझा भाऊ तिथे होता म्हणून यांचा जीव वाचला," असे ताई शेजारीपाजारी सांगते आणि मला आग्रहाने जेवू घालते. भाओजी समोर बसून नळीने दूध पितात आणि माझ्याकडे बघत राहतात. तिला सांगायला माझी जीभ रेटत नाही. आपल्या कागदावरून तरी कळावे.

तरी त्या तिघा पहारेकऱ्यांखाली चौथे नाव माझे लिहावे, ही कळकळीची विनंती.

आपला, अद्याप मोकळा फिरणारा,
(सही)
ध्वनिमुद्रक
दि. २३

सोबत : मूळ ध्वनिमुद्रण, एक. पुन्हा ऐकून पाहिले. भाओजींचे पुटपुटणे पहिल्याच वेळी स्पष्ट आले आहे.