टाचेची अब्रू

३ मार्च

ती. मावशीस, शि. सा. न. वि. वि.

बुटांच्या दुकानात मला चौदा दिवस उमेदवारीवर घेतलंय. दिवसभर दुकानातलेच नवे बूट घालून मिरवायचं. मालकांनी बजावलंय, विकणारीच लंगडली तर बूट कोण घेणार. लंगडताना दिसलीस की घरी. आज तिसरा दिवस आणि दोन्ही टाचांवर बोराएवढे फोड. गिऱ्हाईक असलं की मी राणीसारखी चालते, नसलं की शिडीला लटकते. आई सुई घेऊन मागे लागलीय. बाबांच्या मते दोष बुटांचा नाही, पायांचा. आणि पाय आईकडचे. तू इस्पितळात इतकी वर्षं जखमा बांधतेस, मला तेवढी उभी ठेव. ही नोकरी मला हवीच आहे.

तुमच्याच पायांची वारस,
भिंगरी

५ मार्च

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

आधी आईच्या हातातली सुई काढून घे. सोबत फोडांवर चिकटवायच्या हायड्रोकोलॉइडच्या पातळ पट्ट्या आहेत. टाच धुऊन कोरडी कर. क्रीम-पावडर लावलीस तर चिकटणार नाही. पट्टीला तळहातांत ऊब दे आणि फोडाच्या चहूबाजूंनी बोटभर जास्त राहील अशी, सुरकुती न पाडता लाव. मग विसर. ती ओल शोषून फुगते, पांढरी पडते. तो पू नव्हे. कडा आपण होऊन सुटेपर्यंत काढायची नाही. आजूबाजूला लाल, गरम होऊन ठणकू लागलं, तर मात्र सरळ डॉक्टर गाठ. पेरलेलं बी रोज उकरून बघणारी तू, म्हणून पुन्हा लिहिते: काढायची नाही.

बाबांना सांग, सोफ्यावरून खाली उतरलं तर त्यांच्याकडच्या पायांचीही परीक्षा होईल.

लोभ आहेच, तो असाच चिकटून राहो.
मावशी

९ मार्च

ती. मावशीस, शि. सा. न. वि. वि.

काढली. पांढरा फुगा पाहून धीर सुटला. सोबत थोडी कातडीही आली. रागावू नकोस, डाव्या टाचेची तशीच आहे, आणि मेली अजिबात दुखत नाही. आता उजवीला नवी लावून मोजे चढवलेत आणि हात पाठीमागे बांधलेत.

शिव्याही आशीर्वाद समजून घेणारी,
भिंगरी

१५ मार्च

ती. मावशीस, शि. सा. न. वि. वि.

काल शेवटचा दिवस. एका शिक्षिकाबाईंनी माझ्या पायातलेच बूट मागितले आणि विचारलं, चावतात का? मागे मालक उभे. माझ्या तोंडून निघून गेलं, "चावतात. पहिले चार दिवस." वर मोजा उतरवून पट्टीही दाखवली. बाईंनी बूट घेतले, पट्टीचं नाव लिहून घेतलं आणि गेल्या.

मालकांनी मला आतल्या खोलीत बोलावून दार लावलं. मी मनातल्या मनात डबा-छत्री आवरली. त्यांनी खुर्चीत बसून स्वतःचे बूट काढले. मावशी, त्या टाचा तू पाहायला हव्या होत्यास. वीस वर्षं त्यांच्या संथ चालीत ज्याला सगळं गाव रुबाब म्हणत होतं, ते ठणकणं होतं. हळूच म्हणाले, "त्या पट्टीची कोणती बाजू खाली?"

सोमवारपासून मी कायम. अट एकच, ही गोष्ट दुकानाबाहेर जाता कामा नये. म्हणून हे पत्र दुकानातच बसून लिहितेय. पोस्टात टाकायला मालक स्वतः निघालेत, जवळजवळ पळतच.

तुझा लोभ पगारासारखा दरमहा मिळत राहो.
भिंगरी