मिळालं की कळव

दि. ९

ती. मावशीस शि. सा. न.

फोन सोडून कागदावर लिहितोय म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू ओळखलंच असशील. मी धडधाकट आहे, नोकरीही शाबूत आहे. तेव्हा आधी खुर्चीत नीट बस आणि मग पुढचं वाच.

माझं मेसेजचं खातं चोरांनी पळवलं. माझा फोटो तसाच ठेवून ते माझ्या नावाने सगळ्या नातेवाइकांना मेसेज करताहेत. तुझ्या फोनवर सहा आकड्यांचा एक कोड येईल आणि लगेच ‘मी’ तो मागेन. देऊ नकोस. दिलास की तुझंही खातं त्यांच्या हातात, आणि त्यातलं काय ठेवायचं, काय पुसायचं हे तेच ठरवणार. त्यात काकांच्या आवाजातले निरोप आहेत. काका गेल्यापासून रोज सकाळी चहाबरोबर तू ते ऐकतेस आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही, हे आठवलं आणि तडक हे पत्र लिहायला बसलो.

झालं असं, की आमच्या लिफ्टदुरुस्तीच्या कामावरच्या मिस्त्रींच्या नावाने मेसेज आला. त्यांचा कोड चुकून माझ्याकडे आलाय, ताबडतोब पाठव. मिस्त्रींचं खातं आधीच गेलेलं, हे मला काय माहीत! मी कोड पुन्हा पुन्हा ताडून पाहिला, वाचायला सोपा जावा म्हणून मध्ये जागा सोडून लिहिला, आणि वर विचारलं, की नीट मिळाला का. चोराची इतकी टापटीप सेवा आजवर कोणी केली नसेल.

मग घाबरून सिमकार्ड काढलं आणि काडेपेटीत ठेवलं. शेजाऱ्यांच्या फोनवरून तुला कितीदा तरी फोन केला, पण तू उचलत नाहीस. अनोळखी नंबर उचलायचा नाही, हे मीच तुला पढवलं होतं. माझं एवढं ऐकायला तुला हाच मुहूर्त सापडला!

माझ्यावरचा जीव कमी करू नकोस. पत्र मिळालं की कळव.

तुझा भाचा


दि. १३

चि. खात्रीलालास अ. उ. आ.

पत्र आज मिळालं. तुझा तोतया मात्र त्याच्या आधीच, परवा, येऊन गेला.

मी मशीनवर बसले होते, तोंडात टाचण्या. आधी कोड आला, पाठोपाठ ‘तुझा’ मेसेज. माझा कोड चुकून तुझ्याकडे आलाय, पटकन पाठव, काळजी करू नकोस. खोटं कशाला सांगू, चार आकडे मी लिहिलेसुद्धा होते. मग हात थांबला. काळजी करू नकोस, असं तू म्हणतोयस? मी दूध आणायला निघाले तरी दोन्हीकडे बघून रस्ता ओलांड म्हणणारा तू! आणि शेवटी मिळालं की कळव, हेही नाही. म्हणून मी विचारलं, की बाबा रे, गॅस बंद केलाय का हे आज विचारायचं राहिलं का? तर तिकडून एक लाल बदाम आला. एवढा मोठा झालास, पण मावशीला कधी बदाम पाठवला नाहीस. मी चारही आकडे पुसले.

तशीच चप्पल अडकवून समोरच्या औषधाच्या दुकानातल्या मुलीकडे गेले. गुणाची पोर. गिऱ्हाईक थांबवून तिने त्या मेल्याला अडवलं आणि माझ्या खात्याला दुसरं कुलूप लावून दिलं. म्हणजे माझ्या मनातला एक आकडा, जो मेसेजने येत नाही, फक्त मला ठाऊक. तुलाही सांगणार नाही. रुसायचं असेल तर रूस.

काकांचे निरोप जागेवर आहेत, सगळे ऐकून खात्री केली. आता स्वतःला कोसणं बंद कर, सिमकार्ड फोनमध्ये घाल आणि रविवारी जेवायला ये. माझी माया आहेच, ती कागदावर मागत बसू नकोस.

मावशी


दि. १९

ती. मावशीस सा. न.

काल घरी सुखरूप पोहोचलो. माझं खातं परत मिळालं, त्यालाही दुसरं कुलूप लावलं. ज्यांना ज्यांना माझ्या नावाने मेसेज गेले, त्या सगळ्यांना फोन करून माफी मागितली.

मिस्त्रींनाही सगळं सांगितलं. आमच्यात लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्याआधी प्रत्येक जण मुख्य बटणाला स्वतःचं कुलूप घालतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो, म्हणजे आत माणूस असताना कोणी लिफ्ट चालू करू शकत नाही. मिस्त्रींनी विचारलं, की मी मागितली तर ती किल्ली देशील का? मी म्हटलं, नाही देणार, जिवाशी खेळ आहे. मग कोड कसा दिलास, असं म्हणाले आणि स्वतःच कपाळावर हात मारून हसले, कारण त्यांनीही तसाच दिला होता. आता आमचं ठरलंय. कोड कोणी मागितला, अगदी मिस्त्रींनी जरी, तरी द्यायचा नाही. उलट फोन लावून त्याचा आवाज ऐकायचा आणि त्यालाच सावध करायचं. त्या औषधाच्या दुकानातल्या मुलीला माझा नमस्कार सांग. तिचे उपकार मी विसरणार नाही.

एक गोष्ट तोंडाने सांगायला जमली नाही. काल तू आत पोळ्या लाटत होतीस तेव्हा मी काकांच्या निरोपांच्या प्रती करत होतो. एक तुझ्या कपाटात ठेवली, एक माझ्याकडे आहे. नीट उतरलेत का ते बघायला एकेक निरोप शेवटपर्यंत ऐकला. भाजी कोणती आणू, आज उशीर होईल, पोराला छत्री दे. आणि दर निरोपाच्या शेवटी तेच, मिळालं की कळव.

शाळा संपल्यावर तुम्ही दोघांनी मला घरात ठेवून घेतलंत, तेव्हा काकांकडून मी काय काय उचललं ते मला कधी कळलंच नाही. माझ्या काळजीला सगळे हसतात, मलाही तिचा वैताग येतो. पण तुझा हात तिनेच थांबवला, आणि ती मुळात काकांची. मी तुला सावध करायला पत्र लिहीत बसलो होतो. माझ्याआधी ते पोहोचले होते.

आभार मानले तर तू रागावशील, म्हणून कागदावर मानतो. इथे तुला मध्येच तोडता येत नाही.

खिडकीची कडी लावून झोप. पत्र मिळालं की कळव.

तुझा आणि काकांचा
खात्रीलाल