डाव्या अंगठ्याचा बंदोबस्त

४ डिसेंबर, गुरुवार. आदिलाबाद, दवाखाना.
काल मेथीच्या जुड्या बांधता बांधता आमची राही कलंडली. लकवा. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डाव्या हाताने मात्र माझा उजवा हात धरलाय, सोडतच नाही. लग्नाच्या एकतीस वर्षांत चारचौघांत हिने कधी माझा हात धरला नव्हता. लाज वाटते. वरून तोंड पुसायची दस्ती टाकली आहे. ही नोंद मोबाईलवर, डाव्या अंगठ्याने. म्हणून थोडक्यात.
संकल्प : सोमवारी डिस्चार्ज.

५ डिसेंबर. सकाळी १०.
ब्राउझरचा ॲड्रेस बार वर, माझा अंगठा खाली. मध्ये वीतभर अंतर. सेटिंगमध्ये शिरलो, तर सगळं तेलुगूत झालं. नर्सने दोन मिनिटांत परत मराठी करून दिलं. मलाही येत होतं. म्हटलं, तिचाही हात बसू दे.

११.४०
बार खाली आणला! मेनूही अंगठ्याजवळ. आमच्या जैनथ गावात हे जमलेला मी पहिलाच असेन. राहीला सांगितलं. तिने हात दाबला.

६ डिसेंबर.
‘लकवा किती दिवसांत बरा होतो’ शोधलं. पहिल्या पानावर तीन महिने. उत्तम. बुकमार्क केलं. दुसरं पान वाचताना अंगठा लागून बंद झालं. बार खाली आणल्याचा एवढाच तोटा. तिसरंही तसंच बंद झालं.

८ डिसेंबर.
डिस्चार्ज नाही. डॉक्टरांना घाई नसते.
माझा साळा महिपत आला. म्हणाला, भाऊजी, आंघोळ तरी करून या, आमी बसतो. म्हटलं, हात सोडवला तर ती जागी होईल. तो दस्तीकडे बघत राहिला आणि बाहेर जाऊन रडला. पहिल्यापासूनच हळवा.

९ डिसेंबर.
डॉक्टर म्हणाले, ही पकड आपोआप असते, पेशंटला कळत नसतं, त्याचा काही अर्थ लावू नका. पोरगेला डॉक्टर आहे. लग्न झालेलं नसावं.
तो गेल्यावर तिच्या कानात सांगितलं, वांग्याला भाव चांगला आहे. दोनदा दाबला. भाव पडलेला आहे, पण आजाऱ्याशी एवढं खोटं चालतं.

११ डिसेंबर.
चाकाची खुर्ची, वॉकर, एका हाताने भाजी चिरायची फळी, सगळ्यांचे टॅब उघडून ठेवलेत. संक्रांतीला घरी.
घरी असताना ही म्हणायची, काऊन त्या मोबाईलले चिकटून राह्यले, दोन घटका माह्याशी बोला ना. मी म्हणायचो, एक मिनिट. असे किती एक मिनिट झाले असतील. आता ती धरून बसली आहे आणि मी तरीही मोबाईलच बघतोय. स्वतःचा राग आला.
संकल्प : उद्यापासून मोबाईल बंद. फक्त लकव्यापुरता.

१३ डिसेंबर.
पकड सैल वाटते. नर्स म्हणाली, अम्मा थकल्यात. बरोबर आहे, दहा दिवस धरून आहे. आता मी धरलाय. कुणी धरला याने काय फरक पडतो.
लकव्याचं एकही पान आज उघडलं नाही. अंगठ्याला आराम.

१४ डिसेंबर, रविवार. सकाळी ६.२०.
हात मोकळा झाला.

२७ डिसेंबर. घरी.
काल तेरवी झाली. आमचा मुलगा प्रज्वल आज परत हैदराबादला निघाला. जाताना माझा मोबाईल घेऊन म्हणाला, बाबा, हा बार खाली कुणी केला? अवघड नाही जात? थांबा, वर करून देतो, आता दोन्ही हात मोकळे आहेत ना.
म्हटलं, राहू दे. माझा उजवा हात गुंतलेला असतो.
पोरगं माझ्या मांडीकडे बघत राहिलं. उजव्या हातावर दस्ती होती, कधी टाकली ते मलाच आठवेना.
तो गेल्यावर उचलून पाहिली. खाली एकच हात होता.