मल्हाररावांचं फ्रेंच

४ फेब्रुवारी, मंगळवार

पाच विद्यार्थी हवेत आणि चारच आहेत! बायकोच्या, म्हणजे भव्याच्या, फ्रेंचच्या बॅचची ही गत. संस्थेतून फोन आला — ‘मॅडम, शुक्रवारपर्यंत पाचवं नाव नाही आलं तर बॅच बंद.’ चौदा वर्षं शिकवतेय ती त्यांच्यासाठी. आधी तिथल्या वर्गात, आता घरून, लॅपटॉपवर.

ती सांबारात मीठ घालायला विसरली. मी तसंच जेवलो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

केलं! दुकानात बसून फॉर्म भरला. नाव — मल्हारराव. माझ्या आजोबांचं, ते गेले तेव्हा भव्या या घरात आलीही नव्हती. वय सत्तर. (मी एकोणपन्नास.) काम — निवृत्त. नवीन ईमेलसुद्धा काढला.

‘आधी किती शिकला आहात?’ याचं उत्तर मात्र खरं दिलं — साध्या भूतकाळापर्यंत. लग्न झालं तेव्हा भव्या शिकवायचा सराव माझ्यावरच करायची. लेक झाली आणि ते राहिलं. लेक आता मणिपालला हॉस्टेलवर!

संध्याकाळी घरी आलो तर भव्या दारातच. ‘अहो, पाचवे मिळाले! कुणी आजोबा आहेत.’

मी म्हटलं, ‘असं? बरं झालं.’

११ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला वर्ग. दुपारी तीनला चिकपेटेच्या बाजारात गिऱ्हाईक जरा कमी असतं. दुकानामागच्या गोडाऊनमध्ये बिजागऱ्यांच्या खोक्यांवर बसलो, कानात इयरफोन. कॅमेरा बंद. माइक ‘बिघडलाय’, म्हणून फक्त टाइप करणार.

धाकट्या भावाला सांगावंच लागलं, गल्ला कोण बघणार नाहीतर? प्रदीपकुमार आधी ऐकतच राहिला. मग म्हणाला, ‘अण्णा, स्वतःच्या बायकोच्या क्लासला चोरून बसतोस?’ आणि इतका हसला की एक गिऱ्हाईक घाबरून निघून गेलं.

भव्या मला ‘मस्यो मल्हारराव’ म्हणते, मस्यो म्हणजे श्रीयुत. मी तिला vous — म्हणजे तुम्ही. तेवीस वर्षांत पहिल्यांदा बायकोला अहोजाहो केलं! आवडलं.

ती शिकवताना वेगळीच असते. घरात एवढी हसत नाही. की मी पाहिलं नाही?

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज सबजाँक्तिफ पासे. इथे येऊनच सगळे फ्रेंच सोडतात, असं ती नेहमी म्हणते. मला वाटलं तेवढं अवघड नाही. आधी मनातलं सांगायचं — आनंद झाला, वाईट वाटलं, भीती वाटते, शंका आहे. मग que, म्हणजे ‘की’. मग दुसऱ्यानं जे आधीच करून टाकलंय ते. त्यासाठी avoir नाहीतर être या सहायक क्रियापदांचं सबजाँक्तिफमधलं रूप घ्यायचं आणि पुढे मुख्य क्रियापदाचं भूतकाळी रूप. Que tu aies mangé — तू जेवलास याचा. Que tu sois venu — तू आलास याचा.

मी ऐटीत टाइप केलं: Je suis content que ma femme soit venu. बायको आली याचा आनंद आहे.

‘मस्यो मल्हारराव, बायको आली ना? मग venu ला शेवटी e कुठाय? बायकोचा पुरुष करून टाकलात!’

चारही पोरं हसली. मी गोडाऊनमध्ये एकटाच लाल झालो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

Aie, aies, ait, ayons, ayez, aient. Avoir ची रूपं लिहायला सहा, कानाला त्यातली चार एकच! गिऱ्हाइकानं चार इंची कडी मागितली, मी सहा इंची दिली.

४ मार्च, मंगळवार

आज पुन्हा चुकलो. लिहिलं — मी आलो याचा मला आनंद आहे: Je suis content que je sois venu. भव्या म्हणाली, नाही, असं होत नाही. वाटणारा आणि करणारा एकच असेल तर que नको, सरळ content d'être venu. ‘या रूपाला दोन माणसं लागतात, मस्यो. वाटणं एकाचं, करणं दुसऱ्याचं.’

शटर ओढताना तेच डोक्यात होतं. अप्पा, माझे वडील, हॉस्पिटलात होते आणि मी त्यांच्यापाशी, तेव्हा तीन महिने भव्यानं दुकान सांभाळलं. मोळे, स्क्रू, कड्या-कोयंडे — कशाचीच माहिती नसताना. सकाळी दुकान, दुपारी इंदिरानगरला संस्थेत वर्ग. मला काय वाटलं ते मी तिला कधी सांगितलंच नाही. सांगायला हवं हेही सुचलं नव्हतं.

गृहपाठ — भावनेची पाच वाक्यं. पाचही बायकोवर लिहिली. दुकानाचं शेत केलं, अप्पांच्या जागी भाऊ घातला. ओळखायची नाही.

६ मार्च, गुरुवार

जेवताना भव्यानं ती पाचही वाक्यं मला वाचून दाखवली, मराठी करून! ‘मी आजारी भावापाशी होतो तेव्हा तिनं शेत सांभाळलं, यानं मला अजून भरून येतं — काय लिहितात हो हे आजोबा! सत्तराव्या वर्षी बायकोबद्दल एवढं —’ आणि थांबली. मग म्हणाली, ‘ताक वाढू?’

मला मल्हाररावाचा राग आला. खरंच आला!

२० मार्च, गुरुवार

चाचणीत वीसपैकी सतरा. वर्गात पहिला. घरी जाऊन सांगताही येत नाही!

भव्या हल्ली सकाळी कॉफी घेऊन माझ्याशी गप्पा मारत बसते. विषय एकच — मल्हारराव. मी ‘हो का’, ‘अस्सं’ करत ऐकतो. एवढं आम्ही कितीतरी वर्षांत बोललो नव्हतो.

मध्येच दोन दिवस गप्प होती. विचारलं तर म्हणाली, ‘काही नाही हो, स्वल्प डोकं दुखतंय.’

३ एप्रिल, गुरुवार

मेलो. पुढच्या गुरुवारी तोंडी परीक्षा. टायपिंग चालणार नाही. ‘मस्यो, शेजारच्या कुणाचा तरी फोन घ्या, पण मला तुमचा आवाज ऐकायचाय.’

प्रदीपकुमार म्हणतो, ‘समोरच्या साडीवाल्या गुंडूरावांना बसवू. तेही सत्तरीचेच आहेत.’ गुंडूरावांना फ्रेंचमधलं ओ की ठो येत नाही! आजारी पडलो म्हणून सांगावं? मग ती काळजी करत बसणार. भेटायला निघेल, पत्ता मागेल.

नको. आता खोटं पुरे.

१० एप्रिल, गुरुवार

जसं झालं तसं लिहितो.

माझा नंबर शेवटचा. बाकीचे चौघे परीक्षा देऊन गेले, आम्ही दोघंच उरलो. भव्यानं फ्रेंचमध्ये विचारलं, ‘मस्यो मल्हारराव, ऐकू येतंय?’ मी माइक सुरू केला.  आठवडाभर घोकलेलं सगळं उडालं, एकच वाक्य उरलं — Je suis désolé de t'avoir menti. मी तुझ्याशी खोटं बोललो याचं वाईट वाटतं. बोलणारा मीच आणि वाईट वाटणाराही मीच, म्हणून इथे सबजाँक्तिफ नाही — एवढं भान राहिलं. Vous मात्र म्हणवेना.

 मग स्क्रीन बंद.

फोन लावला, उचलला नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा — नाही. घरी जायला उठलो तर प्रदीपकुमारनं हात धरला, ‘अण्णा, थांब जरा. तिला श्वास तर घेऊ दे.’

पाऊण तासानं ती दुकानात उभी! राजाजीनगरच्या घरून मेट्रोनं आली होती. घरातल्याच चपला, केस तसेच. दोन गिऱ्हाइकं बिजागऱ्या निवडत होती. ती सरळ काउंटरपाशी आली.

‘शेत कुठाय हो तुमचं?’

 तोंडातून निघालं ते फ्रेंचच — Je suis content que tu sois venue.

‘शेवटी e लावलात का?’

‘लावला.’

तिनं काउंटरवर डोकं टेकलं. मला वाटलं रडतेय. हसत होती. मग रडलीही. प्रदीपकुमार गिऱ्हाइकांना म्हणाला, ‘ऐदु निमिषा, सार्,’ आणि त्या दोघांना पाच मिनिटं बाहेर चहाला घेऊन गेला.

१२ एप्रिल, शनिवार

परवा संध्याकाळी आम्ही चिकपेट ते घर चालतच आलो, हसत. वाटलं, संपलं, छान संपलं.

आज कॉफी पिताना भव्या म्हणाली, ‘तुम्ही खरं सांगितलंत, आता मीही सांगते.’

मार्चमध्ये तिला पाँडिचेरीच्या एका शाळेतून पत्र आलं होतं. पूर्ण वेळ फ्रेंच शिकवायचं, राहायला जागा. अर्ज तिनं दिवाळीतच केला होता, मला न सांगता. मिळेल असं वाटलं नव्हतं म्हणे. कॉलेजात असल्यापासून तिला तिथे जाऊन शिकवायचं होतं. हे मला आज कळतंय!

‘मग?’

‘नाही म्हणून कळवलं. एप्रिलपासूनच या म्हणाले. बॅच अर्धी टाकून कशी जाऊ? पोरांचं काय, पोरं दुसरीकडे शिकतील. पण त्या आजोबांना कोण शिकवणार?’

कप हातातच राहिला. तिला हसू यावं म्हणून मी तिथे जाऊन बसलो होतो. आणि तिच्या वाटेत नेमका मीच बसलो होतो.

मी म्हटलं, ‘आजोबा शिकले. सतरा मार्क मिळाले त्यांना. आता त्यांना सोड.’

‘आणि तुम्हाला?’

मी खिडकीकडे बघितलं. कप खाली ठेवला. म्हटलं, ‘सोमवारी सुट्टी आहे. मंगळवारी फोन कर त्या शाळेला.’

१५ एप्रिल, मंगळवार

दहाला तिनं फोन केला. जागा अजून भरलेली नाही. एक जूनला भव्या पाँडिचेरीला जातेय.