माशांच्या टाकीत काय ठेवावं

सोलापूर,
१० नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि. जयभीम आणि आदाब.

मी अनिसा, तुमच्या सुमितची बायको. दीड वर्षापूर्वी आम्ही कोर्टात लग्न केलं, तेव्हापासून तुम्ही त्याचा फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. सुमित म्हणाला, बाबांनी जेऊरला चौतीस वर्षं टपाल वाटलंय, दारात आलेलं पत्र ते न वाचता ठेवणार नाहीत. तेवढ्या भरवशावर धीर केला.

निमित्त साधं आहे. शेजारचे बसप्पाकाका मुलाकडे पुण्याला गेले आणि जाताना त्यांची माशांची टाकी आम्हाला देऊन गेले. मोटर आहे, दिवा आहे, पण आत नुसती वाळू. मासे परीक्षेला बसल्यासारखे एका कोपऱ्यात गप्प उभे असतात. दुकानात बघावं तर प्लास्टिकची झाडं, खजिन्याची पेटी आणि बुडबुडे सोडणारा सांगाडा. मला एकच वस्तू मनापासून आवडली, ध्यानस्थ बुद्धांची लहान मूर्ती. कधी तुम्ही आलात तर हे घर परकं वाटू नये, असं मनात आलं. टाकीच्या मधोमध बसवली. सुमितनं संध्याकाळी ती बघितली आणि जेवताना टाकीकडे पाठ करून बसला. विचारलं तर म्हणाला, बाबांनाच विचार.

पोस्टामागच्या हौदात तुम्ही कित्येक वर्षं गप्पी मासे पाळलेत म्हणे. म्हणून विचारते, टाकीत काय ठेवावं? आईंना नमस्कार. माया असू द्या असं लिहायचा हक्क मला अजून नाही, तरी लिहिते.

आपली,
अनिसा

जेऊर,
१८ नोव्हेंबर २०२४

श्रीमती अनिसा यांस,
जयभीम.

आपले पत्र पोचले. मूर्ती आजच बाहेर काढावी. तथागत ही शोभेची वस्तू नव्हे. ज्या पाण्यात मासे खातात आणि घाण करतात, तिथे मूर्ती असू नये. ठेवायचीच तर उंचावर, स्वच्छ जागी. सुमितला हे सांगता आले नाही याचे नवल नाही. त्याला कोणतीच गोष्ट वेळेवर सांगता येत नाही. त्याच्या लग्नाची बातमीही आम्हाला शेजाऱ्यांनी दिली.

प्लास्टिकची झाडे घेऊ नयेत, माशांचे पर फाटतात. दगड काळे घ्यावेत. पांढुरक्या दगडात चुना असतो, त्याने पाणी जड होते. शंका आली तर दगडावर लिंबू पिळावे, फेस आल्यास तो फेकून द्यावा. धुताना साबण लावू नये. झाडे खरी लावावीत, मागे उंच आणि पुढे बुटकी, म्हणजे माशांना आडोसा मिळतो. आडोसा असला की मासा आपणहून बाहेर येतो.

उत्तराची अपेक्षा नाही.

हणमंत

सोलापूर,
२७ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

उत्तराची अपेक्षा नाही असं लिहिलंत, तरी लिहिते. सुमित म्हणतोच, मी ऐकत नाही.

मूर्ती लगेच काढली, धुतली, आता उंच फळीवर आहे. आमच्या घरी मूर्ती नसतातच, त्यामुळे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. मला फार लाज वाटली, माफ करा.

लग्नाचं तुम्हाला शेजाऱ्यांकडून कळलं, हे मला तुमच्या पत्रातून कळलं. सुमितनं मला सांगितलं होतं की बाबांच्या कानावर घातलंय. दोन दिवस मी त्याच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी कबूल झाला. म्हणाला, जेऊर स्टेशनवर उतरलो होतो, घराच्या वळणापर्यंत आलो आणि भीतीनं परत फिरलो. सोबत त्याची चिठ्ठी आहे. चारच ओळी आहेत, पण मी सांगून लिहवलेल्या नाहीत.

मी माझ्या घरी सांगितलं होतं. अब्बांनी ऐकून घेतलं आणि तेव्हापासून माझं नाव काढत नाहीत. ते इथेच सोलापुरात राहतात. दोन्हीकडचं एकही मोठं माणूस अजून आमच्या उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. ईद झाली, भीमजयंती झाली, आम्ही दोघंच जेवलो.

सात दगडांपैकी दोन फेसाळले, ते टाकले. दुकानातून आणलेली तीन झाडं कुजली. चौथं उभं आहे, पण बहुधा माझ्या भिडेखातर. काय करू? लोभ ठेवा.

तुमची,
अनिसा

जेऊर,
८ डिसेंबर २०२४

चि. अनिसा हीस अनेक आशीर्वाद. सप्रेम जयभीम.

सुमितची चिठ्ठी मिळाली. अक्षर अजून तसंच, कोंबडी फिरल्यासारखं. तीनदा वाचली. मला राग आला होता तो न सांगितल्याचा. गावाला वाटलं, सून आपल्यातली नाही म्हणून हणमंत रुसला. मी कुणाचं खोडून काढलं नाही, कारण पोरगा मला भ्यायला हे सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. त्यात तुझ्यावर अन्याय झाला. वाईट वाटतं.

झाडांचं असं. धुळाप्पा मासेमारी करतो, त्यानं उजनीच्या पाण्यातून फितीसारख्या लांब पानांची झाडं काढून दिलीत. चिवट आहेत, जगतील. पण धरणातल्या झाडासोबत गोगलगायीची अंडी येतात. आधी तुरटीच्या पाण्यात बुडवायची, मग आठ दिवस वेगळ्या बादलीत, रोज पाणी बदलून. हे काम तुम्हा दोघांवर सोडण्यासारखं नाही. म्हणून शनिवारी मी बादली घेऊन येतो. आठ दिवस राहावं लागेल, इलाज नाही.

सुमितची आई शालन मघापासून डोक्याशी उभी आहे. ती म्हणते की लेकाच्या घरी जायला बादलीचं निमित्त कशाला लागतंय, मी बी येणार हाय, आन् सुनंला तिखट चालतंय का तेवढं इचारा. तर विचारलं.

आणखी एक. तुझ्या अब्बांचं पूर्ण नाव आणि पत्ता पिनकोडसह लिहून तयार ठेव. सोलापुरात आहे तोवर त्यांना भेटून घेतो. मुलगी मागायला मुलाच्या बापानं जायचं असतं. माझं ते जाणं राहून गेलंय.

लोभ आहेच, तुम्ही तो वाढवावा.

तुझे,
बाबा