पुढच्या सीटवर झोपायचं नाही

४ फेब्रुवारी

ती. अक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या वेळी फोनवर मी एक बोलत होते, तुम्ही दुसरंच. शेवटी दोघींनी बरं बरं म्हणून ठेवून दिला. म्हणून हे पत्र.

लॉजच्या मालकांचा निरोप आला. तुमचा भाऊ त्यांच्या खोलीत झोपेतच गेला त्याला आता तीन महिने होतील, पण त्याची गाडी अजून त्यांच्या अंगणात पत्र्याखाली उभी आहे. तिला गिऱ्हाईक आलंय, देऊन टाकू का, असं विचारत होते. फार अवघडून बोलत होते बिचारे, मलाच त्यांना धीर द्यावा लागला. मी हो म्हणावं म्हणते. मला गाडी येत नाही. आणणार कोण?

हे लिहिलं आणि वाटलं, हे काही खरं कारण नव्हे. खरं असं की गाडी आली काय आणि गेली काय, मला काहीच वाटत नाही. कामावर जाते. कवळ्यांच्या हिरड्यांचा रंग जुळवते, दात घासून बसवते, एक चूक होत नाही. डॉक्टर परवा म्हणाले की हल्ली तुमचं काम फारच सुबक होतंय. हे चांगलं की वाईट, ठरवता आलं नाही. रडू आलं नाही ते तुम्हाला ठाऊकच आहे, त्याला नेलं तेव्हा तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. झोपही धड येत नाही. पडून राहते. कुठेतरी कुणीतरी गाडी चालवतंय आणि आपण जागं राहायला हवं, असं काहीसं.

तुमचा काय विचार, कळवा.

तुमची,
वाचकबाई


९ फेब्रुवारी

चि. वाचकबाईस,
अनेक आशीर्वाद.

विकायची तर खुशाल विक, पण घरी आणून विक. माझ्या भावाची, त्या भिंगरीची, गाडी परक्याच्या अंगणात सोडायची नाही. टायर बसला तरी तो गाडीपाशी ठाण मांडून बसायचा आणि मदत आणायला उन्हातान्हात तुला पिटाळायचा, विसरलीस? तूच सांगायचीस की रस्ता विचारताना जो फटकन हात दाखवतो त्याचं तो ऐकायचा नाही. जो डोकं खाजवत उभा राहतो त्यालाच रस्ता माहीत असतो, म्हणायचा. त्या नादात तुम्ही एकदा कुणाच्या तरी वीटभट्टीत जाऊन पोचला होतात.

कोण आणणार म्हणजे काय? मी आणणार. इतकी वर्षं शाळेची व्हॅन काय ढकलत नेत होते? कान गेले ते त्या पोरांच्या किंकाळ्यांनी. डोळे अजून चांगले शाबूत आहेत, परवानाही.

आणि ते जागं राहण्याचं. पुढच्या सीटवर झोपायचं नाही, हा नियम त्याचा नव्हे, माझा. लहानपणी तो व्हॅनमध्ये माझ्याशेजारी बसून पेंगायचा. शेजारचा पेंगला की चालवणाऱ्याचेही डोळे जड होतात. म्हणून मी त्याला दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायला लावायचे. मोठा झाल्यावर त्यानं ते तुझ्या गळ्यात मारलं आणि वर तुलाच वाचकबाई म्हणून चिडवलं. चोर लेकाचा.

शनिवारी संध्याकाळी बसनं परस्पर लॉजवर येते, रविवारी सकाळी निघू. तूही ये. गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळव.

तुझी,
अक्का


१२ फेब्रुवारी

ती. अक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

येते. उत्साहानं येतेय असं समजू नका. नाही म्हणायला जास्त शब्द लागले असते, इतकंच.

मागच्या गाड्यांचे हॉर्न तुम्हाला ऐकू येतील का? आरशात बघेन, असं तुम्ही म्हणाल. तरी विचारते.

तुमची,
वा.


१९ फेब्रुवारी

ती. अक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही किल्ली हातात ठेवलीत आणि चहासुद्धा न घेता बस गाठलीत. शेजारच्या काकू मला बोलल्या, की नणंदेला असं कुणी पाठवतं का.

खूप बोलायचं राहिलं म्हणून लिहिते. लॉजवर ती खोली बघून काही वाटलं नाही. गाडीत त्याचा थर्मास होता, चहा तसाच, वर बुरशी. मी नळाखाली धुतला.  मग तुमचे पाय पोचेनात म्हणून तुम्ही सीट पुढे ओढलीत. नका ओढू, असं मी म्हणाले होते. तुम्ही ऐकलं नाहीत की तुम्हाला ऐकूच आलं नाही, कोण जाणे.

रस्त्याला लागल्यावर सवयीनं मी पाट्या वाचायला लागले. वळण धोक्याचं, पुढे शाळा, टायरवाला, दवाखाना. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की कानाचं यंत्र तुम्ही वाऱ्याचा घूं घूं नको म्हणून पर्समध्ये टाकलंय. मग कुणासाठी वाचतेय? गप्प बसले. त्यापुढचं काही आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा दिवस मावळत होता.

आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या सीटवर झोपले, तेही तुमच्या शेजारी. तुम्ही रागावला नाहीत, हे तुमचं मोठेपण. मुद्दाम झोपले का, त्याचा, म्हणजे तुमचाच, नियम मोडायचा म्हणून? उलटसुलट विचार करून पाहिला. नसावं. शपथेवर नाही सांगता येणार.

एक विचारायचं आहे. सकाळी लवकर निघालो होतो, वाट अर्ध्या दिवसाची. मग संध्याकाळ कशी झाली? आणि गावात आपण पाण्याच्या टाकीकडून शिरलो. लॉजकडून येताना ती बाजू लागतच नाही. चुकलात का? चुकला असाल तर मी जागं असायला हवं होतं.

वाकडी झोपल्यामुळे मान अजून दुखतेय. कामावर सारखा हात मानेकडे जातो. बऱ्याच दिवसांनी काहीतरी दुखलं.

गाडी खाली उभी आहे. विकायची की नाही, ते लॉजच्या मालकांना अजून कळवलेलं नाही.

तुमची,
वाचकबाई


२५ फेब्रुवारी

चि. वाचकबाईस,
अनेक आशीर्वाद.

काकूंना म्हणावं, तुमचा चहा मी पिऊन पाहिलाय, म्हणून बस गाठली.

चुकले नाही. दुपारी जेवायच्या वेळेला तुझ्या दारात गाडी उभी केली होती. तुला हाक मारली. तोंड उघडं, मान खिडकीवर, तू कुठली उठतेस. खांद्याला हात लावणार होते. मग वाटलं, इंजिन बंद केलं की ही जागी होईल आणि वर जाऊन पुन्हा छताकडे बघत बसेल. म्हणून गिअर टाकला आणि निघाले.

मग टाकीच्या पलीकडचा रस्ता घेतला. एकाला विचारलं, हा पुढे कुठे जातो. त्यानं डोकं खाजवलं, मग गेलेच. खूप लांब गेले. टपरीवाल्याला खिडकीतून हात केला आणि इंजिन चालू ठेवूनच चहा घेतला. त्याला वाटलं म्हातारी कुणाला तरी पळवून नेतेय. पेट्रोल संपत आलं तेव्हा वळवली. पंपावर इंजिन बंद करायला लावलं, तेव्हाच तू जागी झालीस.

तुझ्यामुळे माझे डोळे जड व्हायला लागले होते, हे खरं. नियम काही उगाच केला नव्हता. मग पाट्या मी वाचल्या. वळण धोक्याचं, पुढे शाळा, टायरवाला. चांगल्या मोठ्यानं वाचल्या, येताजाता सगळ्या. तुला एकही ऐकू आली नाही.

मानेला शेक दे. गाडीचं काय ते सावकाश ठरव. विकणार असशील तर त्याआधी एकदा मला कळव, मी येते.

तुझी,
अक्का